बोत्सवाना राईड: येणाऱ्यांनी नीट वाचा

मंडळी, नाता ते कसाने हा टप्पा साधारण 300 किलोमीटरचा, रस्ता डांबरी आणि सरळसोट, गोची तिथेच आहे कारण हत्ती कधीही झाडीतून थेट रस्त्यावर येतात, त्यामुळे उजेड असतानाच मुक्कामी पोचायचं म्हणजे पोचायचंच. एक्स्ट्रा लाईट लावलेत वगैरे सांगू नका, करडा हत्ती रात्री डांबरावर दिसतच नाही.

दिसला की लांबच थांबा, इंजिन चालू राहू दे, गाडी वळवायला जागा ठेवा आणि हॉर्न अजिबात नाही (पुणेकरांनो, तुम्हालाच सांगतोय). कान पसरून तुमच्याकडे तोंड केलं तर फोटो गेला खड्ड्यात, मागे फिरा. पिल्लू एका बाजूला आणि आई दुसऱ्या बाजूला असेल तर मधून कोणी घुसायचं नाही.

चोबे नॅशनल पार्कात बाईक अलाऊड नाही, तिथे जीपनेच जायचं. वाटेत जनावरांच्या लाळ-खुरकुताचे चेकनाके लागतात, कच्चं मटण काढून घेतात, बूट औषधाच्या पाण्यात बुडवायला लावतात, हुज्जत नको.

मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आत्ताच विचारा. इंटरनॅशनल परमिटचा फोटो रविवारपर्यंत मला पर्सनलवर पाठवा, ग्रुपवर टाकू नका प्लीज.