सातव्या होलवरची झाडे तोडू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

उपनगरातल्या सार्वजनिक गोल्फ मैदानाविषयीचा लेख कालच्या अंकात वाचला. खेळ रेंगाळतो, म्हणून सहाव्या आणि सातव्या होलच्या (होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून खड्ड्यापर्यंतचा खेळाचा पट्टा) मधली झाडांची रांग काढून टाकावी, ही त्यातली सूचना वाचल्यापासून मन स्वस्थ नाही. या मैदानावर मी अठरा वर्षे खेळतो आहे आणि ती रांग कशासाठी आहे हे मला लेखकमहाशयांपेक्षा बरे ठाऊक आहे, असे नम्रपणे पण स्पष्टपणे सांगणे भाग आहे.

चेंडू झाडीत शिरला की तो शोधण्यात वेळ जातो, हे लेखातले म्हणणे खरे आहे. पण तो वेळ झाडे घेत नाहीत, खेळाडू घेतात. शोधासाठी पूर्वी पाच मिनिटे मिळत असत, २०१९ पासून नियमाने तीनच मिनिटे मिळतात. चेंडू झाडीकडे वळलेला दिसला की टीवरूनच, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरूनच, प्रोव्हिजनल (पर्यायी) चेंडू मारून ठेवायचा, म्हणजे पहिला सापडला नाही तरी माघारी चालत यावे लागत नाही. प्रत्यक्षात चौघेही खेळाडू एकाच चेंडूसाठी दहा-दहा मिनिटे पाला उलथत बसतात, मागचा गट कमरेवर हात ठेवून उभा असतो आणि त्यांना हटकायला कोणीही येत नाही. शिवाय या मैदानावर सर्वांत जास्त खोळंबा होतो तो तिसऱ्या होलवर. ते पार तीनचे, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचे छोटे होल आहे; पुढच्या गटाने ग्रीन, म्हणजे खड्ड्याभोवतीची हिरवळ, सोडल्याशिवाय मागच्यांना फटका मारता येत नाही, आणि सुरुवातीलाच गट एकामागोमाग एक सोडले जात असल्यामुळे त्या टीवर दोन-दोन गट ताटकळत बसलेले असतात. त्या होलच्या आसपास एकही झाड नाही. मग तिथल्या खोळंब्यासाठी काय तोडायचे, हे लेखात सांगितलेले नाही.

आता ज्या कारणाने हे पत्र लिहायला बसलो, ते सांगतो. सहावा आणि सातवा फेअरवे (टी आणि ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा) एकमेकांना लागून आणि उलट दिशांनी जातात, म्हणजे एका होलवरचे खेळाडू दुसऱ्या होलवरच्या खेळाडूंकडे तोंड करून ड्रायव्हर (लांब पल्ल्याच्या फटक्याची काठी) चालवतात. दोन वर्षांपूर्वीच्या वादळानंतर व्यवस्थापनाने त्या रांगेतली चार झाडे धोकादायक ठरवून तोडली. त्याबद्दल माझी तक्रार नाही, एक तर खरोखरच कलले होते. पण त्या जागी नवे रोप लावले नाही आणि बरोबर फटक्याच्या टप्प्यात रांगेला खिंडार पडले. गेल्या वर्षी एका सकाळी माझे सोबती, ज्यांनी मला हा खेळ शिकवला आणि जे तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते, सातव्या फेअरवेवर दुसऱ्या फटक्यासाठी पिशवीतून आयर्न (धातूच्या पात्याची काठी) काढत होते. सहाव्या टीवरून उजवीकडे भरकटलेला चेंडू त्या खिंडारातून आला आणि त्यांच्या गळपट्टीच्या हाडावर बसला. मारणाऱ्याने ‘फोर’, म्हणजे ‘सांभाळा’, म्हणून ओरडून सांगितले होते, पण वारा उलटा होता आणि आम्हाला काहीच ऐकू आले नाही. गोल्फचा चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा असतो. तेवढ्याशा वजनाने हाड मोडल्याचा आवाज मी दोन हातांवरून ऐकला. ते खाली बसले, आणि हातातले आयर्न त्यांनी कितीतरी वेळ सोडले नाही. त्यानंतर ते मैदानावर आलेले नाहीत. मी व्यवस्थापनाला दोन पत्रे लिहिली. ‘नोंद घेतली आहे’ एवढे एका ओळीचे उत्तर मिळाले. चारही बुंधे आजही तिथेच आहेत. आणि आता उरलेली झाडेही काढा, असे आपले वृत्तपत्र सुचवते!

लेखात अमेरिकेतल्या ओकमाँट क्लबचा दाखला दिला आहे. तिथे हजारो झाडे काढली गेली हे खरे आहे, पण तो खासगी क्लब आहे, त्याचे मैदान मुळात उघड्या जमिनीवर आखलेले होते आणि झाडे मागाहून लावलेली होती. मैदानाला त्याचे मूळ रूप परत द्यावे म्हणून ती काढली. दाखलाच द्यायचा तर १९७९ च्या यूएस ओपन या अमेरिकी गोल्फ स्पर्धेचा द्यावा. तिथल्या इन्व्हरनेस क्लबच्या मैदानावर लॉन हिंकल या खेळाडूने पहिल्या फेरीत आठव्या होलचा फटका सरळ शेजारच्या सतराव्या फेअरवेवर मारून रस्ता जवळ केला, तेव्हा आयोजकांनी दुसऱ्या फेरीआधी रातोरात तिथे एक स्प्रूसचे झाड आणून लावले. हिंकलने दुसऱ्या दिवशीही तोच रस्ता धरला, तो भाग वेगळा. दोन फेअरवेंच्या मधली फट बुजवायला आयोजकांना झाडच आठवले, हे मला महत्त्वाचे वाटते.

ग्रीनवर सतत सावली राहिली, वारा खेळला नाही, तर गवत विरळ होते आणि त्यावर बुरशी धरते, हे मला मान्य आहे. अकराव्या ग्रीनच्या पूर्वेच्या फांद्या जरूर छाटाव्यात, तिथे सकाळचे ऊन पोहोचतच नाही. पण सहाव्या-सातव्याची रांग कोणत्याही ग्रीनवर सावली टाकत नाही. उलट त्या रांगेमुळेच ते होल खेळण्यासारखे आहे. चेंडू तिथे गेला की वाळलेली पाने दोन बोटांनी एकेक करून उचलावी लागतात, चेंडू जागचा हलला तर एका फटक्याचा दंड. जिवंत फांदी वाट मोकळी करण्यासाठी मोडायची नाही. मग खाली वाकून, दोन खोडांमधून निमूटपणे चेंडू बाहेर काढायचा. ताकदीपेक्षा विचार करायला लावणारी अशी दुसरी जागा या मैदानावर नाही.

आणखी एक. लेखासोबत छापलेले छायाचित्र या मैदानाचे नाही. आमच्या सातव्या होलवर तळे नाही आणि पांढऱ्या वाळूचा बंकरही नाही. सार्वजनिक मैदानाविषयी लिहिताना छायाचित्रकाराला एकदा तिथे पाठवावे, ही विनंती. तो आलाच, तर ते चार बुंधे मी स्वतः बरोबर येऊन दाखवीन.

आपला,
एक नियमित वाचक