एम्बामिंग सक्तीचं नाही, आणि सगळे फ्युनरल होमवाले सारखे नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या फ्युनरल होमवरचा, म्हणजे पैसे घेऊन अंत्यविधीची सगळी व्यवस्था करणाऱ्या घरांवरचा लेख वाचला. वाचला तेव्हाच लिहायला बसणार होते, पण तेव्हा लिहिलं असतं तर नको ते शब्द गेले असते, म्हणून एक रात्र जाऊ दिली. लेखात एक वाक्य अगदी सहज येऊन जातं, की तिकडे एम्बामिंग, म्हणजे देह टिकावा म्हणून त्यात औषध भरणं, कायद्यानेच करावं लागतं. हे साफ चूक आहे. आणि छापायच्या आधी कुणी एक फोन करून विचारलं असतं तरी कळलं असतं.

मला राग येतोय कारण नेमकं हेच वाक्य 2019 साली न्यू जर्सीत माझ्या भाच्याला टेबलापलीकडून ऐकवलं गेलं. माझा थोरला भाऊ गेला होता, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दहन ठरलेलं, दर्शनाला आम्ही घरचीच आठ-दहा माणसं. भाचा दोन रात्री झोपलेला नव्हता. समोरच्या मुलाने टॅबलेट पुढे सरकवला, म्हणाला इथे कायदाच आहे, आणि भाच्याने सही केली. त्या सहीचा अर्थ काय तर दादाच्या अंगातलं रक्त काढून औषध भरलं. सकाळी मी बघितलं तर चेहऱ्यावर पावडर आणि गालांना लाली. दादाने आयुष्यात कधी पावडर लावली नव्हती. मी रुमाल ओला करून पुसायला गेले तर ती निघेना.

आता कायदा काय आहे ते ऐका. 1984 पासून तिथे फेडरल ट्रेड कमिशनचा, म्हणजे ग्राहकांची फसवणूक होऊ नये हे बघणाऱ्या सरकारी संस्थेचा, फ्युनरल रूल लागू आहे. समोर येऊन चौकशी करणाऱ्या प्रत्येकाला छापील दरपत्रक हातात द्यायचं, फोनवर विचारलं तर फोनवर दर सांगायचे, आणि जिथे एम्बामिंगची सक्ती नाही तिथे ती आहे असं सांगायचं नाही. थेट दहन (म्हणजे दर्शन वगैरे काही न ठेवता) असेल तर शवपेटी गळ्यात मारता येत नाही, साधी पुठ्ठ्याची पेटी चालते. काही राज्यांत ठरावीक वेळेपलीकडे देह ठेवायचा असला तर एकतर शीतगृह नाहीतर एम्बामिंग असे नियम आहेत, ते खरं, पण ‘सक्तीचं’ आणि हे यात फरक नाही का? आपल्याकडची कितीतरी मुलं तिकडे आहेत, आईवडील तिकडे जाऊन राहतात, उद्या कुणावर प्रसंग आला तर त्यांना तुमच्या लेखातलंच आठवणार आणि तेही सही करणार.

दुसरं म्हणजे लेखाचा एकूण सूर. पिढ्यानपिढ्या हा व्यवसाय करणारी घरं म्हणजे मरणावर पैसा करणारी माणसं, आणि ती आता बंद पडतायत ते बरंच झालं. लेखक त्यातल्या एका तरी घरात पाय ठेवून आलेत का? मी आलेय.

2011 च्या फेब्रुवारीत माझी वहिनी न्यू जर्सीतच वारली. बाहेर गुडघाभर बर्फ. आम्ही गेलो ते फ्युनरल होम तेव्हा एका कुटुंबाचं होतं, तिसरी पिढी, खाली काम आणि वरच्या मजल्यावर राहायचे. मालक सत्तरीचे. पिवळ्या कागदांची वही घेऊन आमच्यासमोर बसले आणि म्हणाले, तुमच्यात काय काय करतात ते मला क्रमाने सांगा, मी लिहून घेतो. एकेक गोष्ट लिहून घेतली. अंघोळ घालायची, साडी नेसवायची, मंगळसूत्र कधी काढायचं, तोंडात तुळशीचं पान आणि गंगाजल. पेसमेकर आहे का विचारलं, कारण भट्टीत बॅटरीचा स्फोट होतो, आधी काढावा लागतो. मग वहिनीचं नाव विचारलं. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा माझ्याकडून अक्षर अक्षर म्हणवून घेतलं आणि ऐकू आलं तसं वहीत लिहिलं. एम्बामिंगचं मी विचारलं तर म्हणाले गरज नाही, आमच्याकडे शीतगृह आहे, उगाच पैसे घालवू नका. हे त्यांनी सांगितलं, धंदेवाल्या माणसाने.

दुसऱ्या दिवशी मी आणि भाची वहिनीला अंघोळ घालायला गेलो तर त्यांनी स्वतः दोन पातेली गरम पाणी आणून ठेवलेलं. हात घालून बघितलं आणि थोडं थंड मिसळलं, जसं आपण लहान मुलाच्या अंघोळीचं बघतो तसं. मग दार ओढून घेतलं आणि आम्ही बाहेर येईपर्यंत पाऊण तास पॅसेजमध्ये उभे होते, बसलेसुद्धा नाहीत. हे बिलात कुठे लावणार?

त्या दिवशी वाट बघताना ते सांगत होते की त्यांच्या वडिलांच्या काळात अपघात झाला की गावातली माणसं त्यांनाच फोन करायची, कारण आडवं झोपवून नेता येईल अशी गाडी यांच्याकडेच होती. मला तेव्हा वाटलं म्हातारपणी जरा वाढवून सांगतायत. नंतर वाचलं तर 1966 च्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या अहवालात चक्क लिहिलंय की देशातली जवळजवळ निम्मी ॲम्ब्युलन्स सेवा अंत्यविधीचं काम करणारी मंडळीच चालवतात. आणि कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या फ्युनरल होमबद्दल तर लेखात एक ओळ नाही. 1955 साली एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय पोराला मिसिसिपीत गोऱ्यांनी मारून टाकलं, देह सीलबंद पेटीतून शिकागोला आला, उघडायची नाही अशी तिकडची ताकीद होती, आई म्हणाली उघडा, आणि ए. ए. रेनर यांच्या फ्युनरल होममध्ये ती उघडली गेली. त्या पोराची काय दशा केली होती ते बघून एक देश हलला. अशा घरांना तुम्ही सरसकट मरणावर जगणारे म्हणता?

ही घरं बंद का पडतात तेही लेखात धड नाही. 1960 साली तिथे शंभरात चार जणांचंसुद्धा दहन होत नव्हतं, आता दफनापेक्षा दहन जास्त होतात, म्हणजे ज्या शवपेट्यांच्या विक्रीवर घर चालायचं तीच गेली. पोरांना रात्री-अपरात्री उठायचं काम नको असतं, तो त्यांचा दोष नाही. मग कंपनी येते आणि विकत घेते. या क्षेत्रातली तिथली सगळ्यात मोठी कंपनी, सर्व्हिस कॉर्पोरेशन इंटरनॅशनल, 1962 साली ह्यूस्टनमध्ये रॉबर्ट वॉल्ट्रिप यांनी सुरू केली आणि त्यांचं स्वतःचं घराणंही याच व्यवसायातलं. (आमच्या वाट्याला आलेली कंपनी ही नव्हे, निराळी होती, उगाच गैरसमज नको.) विकत घेतलं तरी दारावरची पाटी बहुतेक वेळा तीच ठेवतात. माणसं त्या नावाकडे बघून येतात ना.

आमचं तेच झालं. 2019 ला भाच्याने त्याच घरी फोन केला, आईचं सगळं इतकं नीट झालं होतं म्हणून. इमारत तीच, पाटी तीच, पॅसेजमधला गालिचासुद्धा तोच. आत गेल्यावर कळलं की म्हाताऱ्या मालकांनी दोन वर्षांपूर्वी विकलं. दरपत्रक मागितलं तर ऑफिसमधून मेल येईल म्हणाले. अंघोळीचं विचारलं तर तुमच्या पॅकेजमध्ये बसत नाही. आणि अस्थींच्या डब्यावर आणि दहनाच्या दाखल्यावर दादाचं आडनाव चुकीचं, एक अक्षर गाळलेलं. पाटीवर त्यांचं नाव अचूक आणि माझ्या दादाचं चुकलेलं! एक अक्षर म्हणजे काही नाही असं वाटेल, पण पासपोर्टवर एक नाव आणि दाखल्यावर दुसरं, असा कागद घेऊन भारतात अस्थी न्यायला कॉन्सुलेटकडे कसं जायचं? दाखला दुरुस्त होऊन येईपर्यंत तिकीट पुढे ढकललं, अस्थी अकरा दिवस भाच्याच्या कपाटात होत्या. मी रोज सकाळी तिथे दिवा लावायचे आणि दादाला सांगायचे, अजून दोन दिवस थांब.

शेवटी भाचीने जुन्या वहीतून त्या म्हाताऱ्या मालकांचा घरचा नंबर शोधला. फ्युनरल रूल आम्हाला कळला तो त्यांच्याकडूनच. ‘जनरल प्राइस लिस्ट’ (तेच ते छापील दरपत्रक) हे तीन शब्द उच्चारा, त्यांना द्यावीच लागेल, म्हणाले. दिली. एम्बामिंगचे पैसेही पुढे परत आले, सॉरी मात्र कुणी म्हटलं नाही. पण मला सांगायचंय ते वेगळंच. फोनवर मी वहिनीचं नाव अजून घेतलंही नव्हतं, नुसतं माझा भाऊ म्हटलं होतं, तर त्यांनीच विचारलं की म्हणजे कुमुदिनीचे मिस्टर का? आठ वर्षांनी. ‘दि’ आणि ‘नी’ जागच्या जागी.

म्हणून म्हणते, पाटी बघून जाऊ नका, मालक कोण ते आधी विचारा, हे लेखात यायला हवं होतं. त्याऐवजी तुम्ही चांगल्यांना झोडपलंत आणि खोटं सांगणाऱ्यांचं वाक्य कायदा म्हणून छापलंत.

आता विषय निघालाच आहे तर हेही लिहिते. दादाच्या निधनाची बातमी आम्ही तुमच्याच पेपरात दिली होती, त्यात वय 74 च्या जागी 47 छापलं होतं. नातेवाईकांचे फोन घेता घेता पुरेवाट झाली, आणि दुरुस्ती आली ती चार दिवसांनी, आतल्या पानावर, टेंडर नोटिशीच्या खाली. तेव्हा मी काही बोलले नाही, मनःस्थिती नव्हती.

या वेळी मात्र एम्बामिंगबद्दलचं शुद्धिपत्र छापा, आणि लेख जिथे होता त्याच पानावर, तेवढ्याच टायपात छापा.

आपली,
तीस वर्षांची वाचक