काका, तुमच्या वहीबद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र. आणि ते मुद्दामच सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. जुने अमेरिकन रेडिओ कार्यक्रम आवडीने ऐकणारे बरेच असतात. त्यांनाही कळावं, तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते.

ध्वनिमुद्रणं तशी आज कोणालाही मिळतात. रहस्यमालिका 'सस्पेन्स', काउबॉयच्या काळातली 'गनस्मोक', विनोदवीर जॅक बेनी, नट-दिग्दर्शक ऑर्सन वेल्स, जे हवं ते. तुमची ओळख होण्याआधी मीही ऐकून पाहिलं होतं. प्रेक्षक कशाला हसले तेच कळायचं नाही. नावं अनोळखी, जाहिराती मध्येच सुरू होणाऱ्या, आवाजात खरखर. दहा मिनिटांत बंद करून टाकायचे. मग तुमच्या टेपांवरून उतरवलेली रेकॉर्डिंग आली आणि त्यांच्यासोबत ती वही. प्रत्येक कार्यक्रमाला एक पान. तारीख, वार, कोणत्या नेटवर्कवर लागला, प्रायोजक कोण, त्या आठवड्यात देशात काय चाललं होतं. आणि खाली एक ओळ: इथे कान दे.

तुम्ही कार्यक्रम नावांप्रमाणे लावले नव्हते, संध्याकाळींप्रमाणे लावले होते. १९४६-४७च्या हंगामातली एनबीसी नेटवर्कवरची रविवारची संध्याकाळ: सातला जॅक बेनी, साडेसातला फिल हॅरिस आणि त्याची बायको ॲलिस फे, आठला शब्दभ्रमकार एडगर बर्गन, साडेआठला विनोदवीर फ्रेड ॲलन. ओळीने दोन तास. त्या क्रमाने ऐकायला बसले तेव्हा पहिल्यांदा उलगडलं की सातच्या कार्यक्रमात बेनीच्या बँडचा प्रमुख, तो दांडगा, बढाईखोर फिल हॅरिस आहे ना, तोच साडेसातला स्वतःच्या घरात बायकोपुढे वेगळा वागतो. आणि बेनी नि ॲलन एकमेकांची उणीदुणी काढतात ते लुटुपुटीचं भांडण १९३६च्या डिसेंबरापासून चालत आलेलं असतं. सुटा कार्यक्रम ऐकून यातलं काही हाती लागत नाही. ऐकणाऱ्या घरांना ही माणसं दर रविवारी भेटत होती, हे कोणीतरी सांगावं लागतं. मला ते तुम्ही सांगितलंत.

२८ मार्च १९४८चं पान मी सगळ्यांत जास्त वेळा उघडलं आहे. तोही रविवारच. चोर जॅक बेनीला रस्त्यात गाठतो आणि पैसे की प्राण, असं विचारतो. जॅक गप्प. चोर पुन्हा दरडावतो, तेव्हा जॅक वैतागून म्हणतो की मी विचार करतोय ना! तुम्ही पानावर लिहिलंत: 'वाक्याला थांबू नकोस, आधीची शांतता ऐक. हसू तिथेच सुरू होतं.' खरंच तिथेच होतं. एकही शब्द उच्चारलेला नसताना सभागृह हसायला लागतं, कारण १९३२पासून लोकांनी या माणसाचा चिक्कूपणा ऐकलेला आहे. तळघरातली तिजोरी, धापा टाकणारी जुनाट मॅक्सवेल गाडी, हे सगळं त्या शांततेत जमा असतं. रेडिओवर गप्प बसणं म्हणजे श्रोत्याच्या हातात काहीच न देणं. बेनी ते करू धजला, कारण उरलेलं श्रोता भरून काढील याची त्याला खात्री होती. विनोदाच्या वेळेबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं. तुमच्या दोन ओळींनी ते कानाला समजलं.

दुसरं पान ३० ऑक्टोबर १९३८चं, मंगळावरून आलेल्या हल्ल्याच्या ऑर्सन वेल्सच्या त्या प्रसिद्ध नाटकाचं. ते खरं समजून लोक घाबरले, ही घबराटीची गोष्ट तेवढी त्याच्याबद्दल सांगितली जाते. वर्तमानपत्रांनी ती बरीच फुगवली होती असं आता अनेक अभ्यासक मानतात, हेही तुम्ही नोंदवलंत. पण माझ्यासाठी महत्त्वाच्या होत्या त्याखालच्या साध्या नोंदी. त्याच वेळी, रात्री आठ वाजता, दुसऱ्या नेटवर्कवर बर्गन आणि त्याचा बाहुला चार्ली होता, आणि देशाचा मोठा भाग तिकडे होता. वेल्सच्या कार्यक्रमाला प्रायोजक नव्हता, म्हणून जाहिरातींसाठी वारंवार थांबावं लागत नव्हतं आणि खोट्या बातम्यांचा ओघ तुटला नाही. सप्टेंबरात म्युनिकच्या पेचाच्या वेळी, युरोपात युद्ध पेटेल अशी भीती असताना, कार्यक्रम थांबवून बातम्या सांगितल्या गेल्या होत्या. मध्येच येणाऱ्या निवेदकाच्या आवाजाची लोकांना धास्ती बसलेली होती. बातमीदाराची भूमिका करणाऱ्या नटाने १९३७च्या हिंडेनबर्ग या वायुनौकेच्या अपघाताचं ध्वनिमुद्रण आधी ऐकून घेतलं होतं. तुम्ही ते मुद्रणही नाटकाच्या आधी जोडून ठेवलंत. आधी ते ऐकलं, मग नाटक. नटाचा आवाज जिथे फुटतो तिथे तो कुठून आला हे मला ठाऊक होतं, आणि तरीही अंगावर काटा आला.

खरखरीबद्दल मी तक्रार केली होती, आठवतं? तुम्ही रागावला नाहीत, उलट चार पानं लिहून पाठवलीत. कार्यक्रम ज्यांवर नोंदवले जायचे त्या १६ इंची तबकड्या, ॲल्युमिनियमवर लाखेसारखा थर, एका बाजूला जेमतेम १५ मिनिटं. युद्धात ॲल्युमिनियम मिळेना म्हणून काचेवर थर दिलेल्या तबकड्या, हातातून निसटली की संपलं. तबकडीच्या मध्याकडे सरकताना आवाज मंदावतो आणि बाजू बदलली की पुन्हा उजळतो. आता अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात मी तो सांधा ओळखते. काही कार्यक्रमांत जाहिराती का नाहीत आणि शेवटी नुसतंच संगीत का वाजतं, तेही कळलं: त्या सैनिकांसाठी पाठवलेल्या प्रती, जाहिराती काढून टाकलेल्या, उरलेला वेळ संगीताने भरलेला. मोठी नेटवर्क्स ध्वनिमुद्रित कार्यक्रम लावायला तयार नसत. पूर्व किनाऱ्यासाठी एकदा आणि तीन तासांनी पश्चिमेसाठी पुन्हा, असा तोच प्रयोग दोनदा उभा राहायचा. गायक बिंग क्रॉस्बीने १९४६मध्ये नेटवर्क बदलून ध्वनिमुद्रित कार्यक्रमाचा हट्ट पुरा करून घेतला. तबकड्या मुळात जपून ठेवण्यासाठी केलेल्याच नव्हत्या, हे समजल्यापासून खरखर मला नकोशी वाटत नाही.

जे आज ऐकताना टोचतं तेही तुम्ही लपवलं नाहीत. 'एमॉस अँड अँडी' या विनोदी मालिकेच्या पानावर स्पष्ट लिहिलंत की दोन गोऱ्या नटांनी कृष्णवर्णीय माणसांची सोंगं वठवली, आणि सगळा देश त्यावर हसला. शेजारच्याच पानावर एडी अँडरसन: बेनीच्या घरातला रॉचेस्टर, स्वतः कृष्णवर्णीय नट, मालकाला सगळ्यांत अचूक टोमणे मारणारा. त्याच्याही वाट्याला नोकराचीच भूमिका आली, हे तुम्ही पुढे जोडलंत. जुन्याचं प्रेम असलेल्या माणसाने इतकं सरळ लिहावं, याबद्दल मला तुमचा फार आदर वाटतो.

आवाजांच्या युक्त्यांची पानं मी भाचरांना वाचून दाखवते. बर्फातली पावलं म्हणजे पिशवीत दाबलेलं मक्याचं पीठ, आग म्हणजे चुरगाळलेला सेलोफेन कागद. मग त्यांना 'गनस्मोक' लावून देते. लाकडी फळ्यांवरून कोणी चालत येतं आणि मुलं दाराकडे बघतात. त्यातल्या धाकटीने विचारलं की त्या माणसाची टोपी काळी आहे का. मी म्हटलं, तुला कशी दिसली? काळी, म्हणाली. झालं तर मग.

शेवटच्या पानावर तुम्ही ३० सप्टेंबर १९६२ लिहिलं आहे. 'जॉनी डॉलर' आणि 'सस्पेन्स', शेवटपर्यंत टिकलेल्या या दोन जुन्या रेडिओमालिका त्या संध्याकाळी संपल्या. वार रविवारच. त्यावर तुम्ही काहीच भाष्य केलेलं नाही, फक्त तारखेखाली रेघ ओढली आहे. सत्तरच्या दशकात टपालाने टेपांची देवाणघेवाण करणाऱ्या अनोळखी माणसांची, त्यांच्याकडून तुमच्यापर्यंत काय काय आलं त्याची हकीकत मात्र वहीत कुठेच नाही. ती लिहा ना. तुम्ही सांगा, मी लिहून घेते.

वही टाइप करायला घेतली आहे. फ्रेड ॲलनच्या पानांवर शाई पसरलेली आहे आणि दोन-तीन तारखा लागत नाहीत. तेवढ्या या आठवड्यात फोनवर विचारीन. टाइप केलेली प्रत तपासून दिलीत की ज्यांनी ज्यांनी तुमच्याकडून रेकॉर्डिंग नेली त्या सगळ्यांना पाठवू, कारण त्यातल्या काहींकडे आवाज आहेत, पानं नाहीत.

मनापासून आभार, काका. आता विषय बदलता येणार नाही.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
रविवारची एक श्रोती