गोळी पोटातून पुढे कुठे जाते?

महोदय,

गोळी पोटात गेली की आपल्या लेखी विषय संपतो. पण तिचा काही अंश लघवीवाटे सांडपाण्यात उतरतोच. नेहमीच्या शुद्धीकरण केंद्रातले जिवाणू मळ फस्त करतात. फिट्सवरच्या कार्बामाझेपीनला मात्र ते जवळपास शिवतही नाहीत. पाण्यात ओझोन वायू मिसळला तर हाच रेणू झटकन तुटतो. तुटतो, नाहीसा होत नाही! त्याचे तुकडे पाण्यातच राहतात. म्हणून ओझोनच्या पाठोपाठ वाळूचा किंवा सक्रिय कोळशाचा थर हवा. त्यावर वाढलेले जिवाणू यातले काही तुकडे खातात, उरलंसुरलं बरंचसं कोळसा धरून ठेवतो. ओझोनही बेतानेच सोडायचा, कारण पाण्यात ब्रोमाइड असेल तर घातक ब्रोमेट तयार होतं. एकट्या कोळशावर भिस्त ठेवावी, तर तो लवकर भरतो.

हे सगळं महाग आहे, हे खरं. पण स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक केंद्रांना अशी सूक्ष्म प्रदूषकं ८० टक्के काढण्याचं बंधन घातलं. युरोपीय संघाने तर २०२४च्या निर्देशात या जादा टप्प्याचा किमान ८० टक्के खर्च औषध व सौंदर्यप्रसाधन उत्पादकांवर टाकला. कंपन्या कुरकुरताहेत. कुरकुरू देत.

– एक वाचक