वॅग्नर म्हणजे फक्त कार्ड नव्हे

संपादक महोदय,

शनिवारच्या पुरवणीतला होनस वॅग्नर या शंभरेक वर्षांपूर्वीच्या अमेरिकी बेसबॉल खेळाडूवरचा लेख वाचला आणि फार वाईट वाटलं. मराठी पेपरात बेसबॉलबद्दल काही येतंय म्हणून आधी आनंदच झाला होता. पण अख्ख्या लेखात त्याचं चित्र असलेलं ते एक सिगारेटच्या पाकिटातलं कार्ड, २०२२ मध्ये ते साडेबहात्तर लाख डॉलरला गेलं, त्याचे रुपये किती झाले, एवढंच! माणूस खेळायचा कसा, त्यावर एक ओळ नाही.

आम्ही बरीच वर्षं पिट्सबर्गला राहतोय, वॅग्नरचं कार्नेगी गाव इथून अगदी जवळ. माझ्या मुलीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी त्याला निवडलं, बाराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत कामाला लागलेला मुलगा, नॅशनल लीगमध्ये (अमेरिकेतल्या दोन मोठ्या बेसबॉल लीगपैकी एक) आठ वेळा बॅटिंग सरासरीत पहिला, ७०० च्या वर बेस चोरलेले (म्हणजे कोणी चेंडू मारायची वाट न बघता पुढच्या बेसवर पळालेला), सगळं तिने मन लावून लिहिलं आणि टीचरने मार्क कापले, का तर कार्डाची किंमत लिहिली नाही! पोर घरी येऊन रडली. तो राग अजून गेलेला नाही आणि तुमचा लेख वाचून तो परत वर आला.

१९०८ साली लीगची बॅटिंग सरासरी (दर संधीमागे किती हिट) ०.२३९ होती, तेव्हा हा ०.३५४ ने मारत होता. तेही शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहून, जिथे बॅटिंग जमली नाही तरी लोक चालवून घेतात, कारण फिल्डिंगच जीव काढते. १९०९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांच्या अंतिम मालिकेत, समोर डेट्रॉइटचा नामांकित बॅटर टाय कॉब होता, वय तेवीसच्या आतबाहेर. पस्तिशीच्या वॅग्नरने ०.३३३ ने मारलं, सहा बेस चोरले, कॉब ०.२३१ वर अडकला आणि वॅग्नरचा संघ पिट्सबर्ग पायरेट्स जिंकला. १९३६ ला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमचे (थोर खेळाडूंच्या सन्मानयादीचे) पहिले पाच निवडले त्यात वॅग्नर आहे, मतं बेब रूथसारख्या दिग्गजाएवढीच, २१५. यातलं काहीच छापण्यासारखं नव्हतं का?

आणि तो तंबाखूचा कट्टर विरोधक होता असं जे छापलंय ते साफ चूक आहे. तो स्वतः तंबाखू चघळायचा. कार्डाची छपाई त्याने थांबवली ती पोरांनी त्यासाठी सिगारेटी घेऊ नयेत म्हणून असं सांगतात, कोणी म्हणतं पैशांवरून. त्या कार्डांतलं सगळ्यात गाजलेलं, आइस हॉकीचा खेळाडू वेन ग्रेट्झकीकडे होतं ते, कडा कापून नीटस केलेलं होतं हे ते विकणाऱ्या डीलरने २०१३ मध्ये कबूल केलंय, तेही लेखात नाही.

पुढच्या अंकात निदान तंबाखूची चूक तरी दुरुस्त करा. आणि वर्षाची वर्गणी भरूनही ई-पेपरमध्ये पुरवणीची शेवटची पानं उघडत नाहीत, त्यावर पाठवलेल्या मेलला अजून उत्तर नाही, तेही बघा कृपया.

– एक वाचक, पिट्सबर्ग