दादा, टिकटिक थांबली

दादा, नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, कामाला लाग" म्हणून फोन ठेवता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. आता कुठं जाल?

मिरजेच्या माझ्या माडीवरच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत तुम्ही पहिल्यांदा आलात, तेव्हा तीन दिवस मी एका अभंगाशी झटत होतो. मावशींचा आवाज सुरेख लागला होता, पण तानपुरा-तबला बंद करून नुसता गळा ऐकला की दोन ओळींच्या मधे टिक, टिक, टिक. मी आधी केबलला दोष दिला, मग इंटरफेसला (माईक लॅपटॉपला जोडणारी डबी), आणि शेवटी नवा कंडेन्सर माईक घ्यायला निघालो होतो.

तुम्ही चहा संपवलात. मग टॉवेलची जाड गुंडाळी केलीत, तिला "हे डोकं" म्हणालात आणि मावशी गाताना घालायच्या ते माझे हेडफोन तिच्यावर चढवून माईकसमोर वीतभर अंतरावर ठेवलेत. क्लिक, म्हणजे लय धरायला हेडफोनमधून ऐकवतो ती टिकटिक, चालू, रेकॉर्ड चालू. नंतर तुमच्या पिशवीतला, गुंडाळ्या वायरीचा सोनी एमडीआर-७५०६ हेडफोन त्याच टॉवेलवर. स्क्रीनवर पहिली रेघ कंगव्याच्या दातांसारखी, दुसरी जवळजवळ सपाट. माझे हेडफोन ओपन बॅक होते. मागं जाळी, त्यातून आवाज खुशाल बाहेर येणार. दुकानात सगळ्यांत मोकळे, गोड तेच वाटले होते, म्हणून घेतले होते.

"लेका, गोड कुणाला लागायला पाहिजेत? तुला का माईकला?" हे तुमचं वाक्य मावशी अजून सगळ्यांना सांगतात.

खरी गंमत पुढं झाली. तुमचे क्लोज्ड बॅक, म्हणजे मागून बंद असलेले, चढवले तरी मावशींनी सवयीनं डावा कप कानामागं सारला. स्वतःचा सूर उघड्या कानानं ऐकल्याशिवाय त्यांना गाताच येत नाही. मी "मावशी, नीट घाला" म्हणणार, तेवढ्यात तुम्ही हातानं गप्प केलंत. डाव्या बाजूचा आवाज बंद केलात, क्लिक आणि तानपुरा दोन्ही उजव्या कानात दिलेत. अर्ध्या मिनिटाचं काम. गाणाऱ्याची सवय मोडायची नाही, आपली वायर बदलायची, हे मला कुठल्या व्हिडिओत सापडलं नसतं.

दुसरी जोडी घेतानाही तुम्हीच वाचवलंत. बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रोचा २५० ओहमचा प्रकार मी जवळपास घेतलाच होता. ओहम, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जास्त तर माल भारी, असं माझं गणित! माझा छोटा इंटरफेस लॅपटॉपच्या यूएसबीवर चालणारा. ओहम वाढले की तेवढ्याच आवाजाला व्होल्टेज जास्त लागतं, ते या इंटरफेसला झेपणार नाही, आणि तबल्याच्या भरात गाणाऱ्याला स्वतःचा गळाच ऐकू येणार नाही, हे तुम्ही फोनवर सांगितलंत. ८० ओहमचा घेतला. गाद्या मखमली आहेत, त्यामुळं उन्हाळ्यात तासभर गायलं तरी कानाला रेक्झिनसारख्या चिकटत नाहीत.

तुमच्या सांगण्यावरून दुकानात सिनेमाची गाणी ऐकलीच नाहीत. आपलंच कच्चं रेकॉर्डिंग नेलं होतं, पेटीच्या भात्याचा श्वास आणि 'प' म्हणताना माईकवर बसणारा हवेचा फटका असलेलं. ज्यात ते दोष लपले नाहीत तो ठेवला. दुकानदार मात्र वैतागला.

एका बाबतीत अजून तुमच्याशी जमत नाही. हेडफोनवर मिक्स करू नकोस म्हणता. डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही येतो, हेडफोनमध्ये तसं होत नाही, म्हणून पॅनिंग, म्हणजे कुठला आवाज डावीकडं, कुठला उजवीकडं ठेवायचा ते, फसतं, हे कबूल. पण माझी खोली घुमते आणि खाली आजी झोपलेल्या असतात. रात्री त्याच जुन्या ओपन बॅकवर काम करतो, सकाळी स्पीकरवर तपासतो. म्हणजे ते पैसे अगदीच पाण्यात गेले नाहीत.

"लागतील तुला" म्हणून ठेवून गेलेला तुमचा ७५०६ सव्वा वर्ष माझ्याकडंच आहे. १९९१ पासून बाजारात असलेलं मॉडेल, पण तुमच्या जोडीच्या गाद्या वापरून वापरून पार सोलल्या होत्या. मावशींच्या कानाला काळे पापुद्रे चिकटायचे. नव्या बसवल्यात. रविवारी कोल्हापूरला येतोय, सोबत घेऊन येतो. मोठ्या जॅकचा तो स्क्रूचा अडॅप्टर तुम्ही हरवला म्हणत होतात ना, तोही माझ्याच ड्रॉवरमध्ये सापडला.

तुमचा,
मिरजेच्या माडीवरचा