सूचना : संगणकावर काम करताना बसण्याबाबत

सर्व सभासदांस,

मान-पाठ आखडल्याच्या तक्रारी वाढल्यात, म्हणून ही आठवण. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीत, अंतर साधारण हातभर. बायफोकल (वरून लांबचं, खालून जवळचं दिसणारा) चष्मा असेल तर स्क्रीन आणखी थोडी खाली घ्या, नाहीतर हनुवटी वर करून वाचावं लागतं. सगळ्यात जास्त वाकतात लॅपटॉपवाले. स्क्रीन आणि कीबोर्ड एकत्र जोडलेले, त्यामुळे एक नीट ठेवला की दुसरा बिघडतो. रोजचं काम त्यावरच असेल तर लॅपटॉप उंचावर ठेवून वेगळा कीबोर्ड-माउस घ्याच. महागड्या खुर्चीपेक्षा हा खर्च आधी करा. कोपर ९० अंशांच्या आसपास, मनगट सरळ, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर. आणि कितीही नीट बसलात तरी दर अर्ध्या तासाने उठा. हाताला मुंग्या येत असतील तर मात्र डॉक्टरांना दाखवा.